चाळीस कव्हरं आणि एक डबा

लातूरहून सुटलेली एसटी गावाबाहेर पडायच्या आतच वैजनाथनं झाकण पन्नास वेळा उघडून पन्नास वेळा लावलं होतं. उघडलं, लावलं, टक्. उघडलं, लावलं, टक्. शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं हे पन्नास टक् सोसले. एक्कावन्नाव्याला तो म्हणाला, "तंबाखूची डबी हाय का?"

"न्हाई बाबा. केबलच्या जोडाचं कव्हर हाय."

"मग उघडझाप कामून करून राहिलाव?"

"पाच हजार वेळा करायची हाय. तुटतंय का बघायला."

म्हाताऱ्यानं यावर थोडा विचार केला. "किती झाली?"

"चार हजार तीनशे बारा."

"मी मधीच बोललो. चुकलं न्हाई ना?"

"न्हाई."

त्यानंतर रेणापूर येईपर्यंत म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही. उतरताना पिशवी सावरत फक्त एवढंच म्हणाला, "चार हजार आठशे चाळीस." त्याच्या मोजणीत दोन कमी होत्या.

वैजनाथच्या हातातलं कव्हर म्हणजे पंजाएवढी, करड्या प्लास्टिकची लांबट डबी. दोन अर्धी शकलं, मधोमध बिजागरी, दोन्ही टोकांना एकेक भोक आणि भोकात रबराचं कडं. शेतात मोटारीची केबल तोकडी पडली की लोक तिला दुसरा तुकडा जोडतात. त्या जोडावर टेप गुंडाळतात, टेपवर कॅरीबॅग, कॅरीबॅगवर सुतळी, आणि पुढचं देवावर सोपवतात. वैजनाथची कल्पना साधी होती. तारा पिळून जोडायच्या नाहीत, स्क्रूच्या कनेक्टरमध्ये आवळायच्या, आणि त्यावर हे कव्हर पुस्तकासारखं मिटायचं. पाणी आत जाणार नाही आणि माणसाचा हात तारेपर्यंत जाणार नाही.

झाकण वेगळं ठेवायचं नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. गावात वेगळं झाकण म्हणजे वेगळी वस्तू. त्यात कोंबड्यांना पाणी ठेवतात, मिरच्या वाळवतात, आणि ज्याचं ते झाकण, ते जन्मभर उघडं राहतं. म्हणून बिजागरी. झाकण उघडा, पण ते कुठं जाणार नाही.

वैजनाथ सत्तावीस वर्षांचा होता. लातूरच्या एमआयडीसीत केरबाशेठच्या प्लास्टिकच्या कारखान्यात तो वस्तूंचे आराखडे काढायचा. कारखान्यात वीस वर्षं झाकणाच्या साबणदाण्या निघत होत्या, त्यामुळं आराखड्यांचं काम फारसं नसायचं. साबणाचा आकार काही रोज बदलत नाही. मालकाला त्यानं कव्हराचं चित्र दाखवलं तेव्हा मालक म्हणाला, "साबणदाणीलाच दोन भोकं पाडू की, इंजिनेर." पण मग त्यानं चित्र पुन्हा हातात घेतलं, वैजनाथच्या तोंडाकडं पाहिलं, आणि साच्याला होकार दिला. कव्हर कशापायी हवंय, हे त्यानं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर नवव्या दिवशी वैजनाथचा मोठा भाऊ बालाजी विहिरीवर गेला होता. मोटार उचलत नव्हती. जोड ढिला झाला असेल म्हणून तो बघायला वाकला. जोडावर गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा पालथा घातलेला होता, पावसापाण्याचं भिजू नये म्हणून. डब्याची कापलेली कड टेपमधून तारेपर्यंत गेली होती. जमीन ओली होती, पाय उघडे होते. बालाजीनं डबा उचलला.

तो डबा वैजनाथनं घातला होता. दिवाळीच्या पाडव्याला, सुट्टीवर आला असताना, दोन मिनिटांत. त्याच्याकडं मेकॅनिकलचा डिप्लोमा होता. दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रिकलचा एक पेपर असतो. त्यात धातू हा विजेचा वाहक असतो हे त्यानं लिहिलं होतं आणि त्याला त्याचे दोन गुण मिळाले होते.

घरात याबद्दल कुणी कधी काही बोललं नाही. आई, केवळाबाई, बोलली नाही. वहिनी, वर्षाराणी, बोलली नाही. वैजनाथ सहावीत असतानाच वडील गेले होते, आजारानं, रीतसर, त्यामुळं त्यांचा प्रश्न नव्हता. तेराव्यापर्यंत वैजनाथ रडला नाही. भेटायला आलेले लोक आपसात म्हणत, पोराला शॉक बसलाय. त्याला वाटायचं, सांगावं यांना, मला नाही, दादाला बसला. पण त्यानं लोकांना चहा दिला, सतरंज्या झटकल्या, मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजून परत केल्या. एक जास्तीची निघाली. ती कुणाची ते अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून तो विहिरीवर गेला नव्हता. दर शनिवारी गावी यायचा, जेवायचा, आणि चारची गाडी आहे म्हणून निघायचा. ऊस मात्र कुणासाठी थांबत नाही. त्याला पाणी वर्षाराणी देत होती. मोटार उचलली नाही की तोच जोड, नव्या टेपमध्ये गुंडाळलेला, ती एका वाळक्या वेळूच्या काठीनं लांबून ढोसायची. काठी तिनं आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीच्या, छपराला खोचून ठेवली होती. एकदा वैजनाथला वाढताना ती म्हणाली, "भावजी, तुम्ही प्लास्टिकमध्ये काम करता. त्या जोडाचं कायतरी करा. मला रोज काठी धरून उभं राहायचा कटाळा आलाय." तिनं भीती म्हटलं नाही, कटाळा म्हटलं. वैजनाथनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "करतो."

एवढंच होतं सगळं. त्या एका जोडावर एक कव्हर बसवायचं होतं.

पण कारखाना एका कव्हरासाठी साचा करत नाही. साचा आला की हजार नग निघायला पाहिजेत, आणि हजार नग निघायचे तर कुणीतरी घ्यायला पाहिजेत. मालकानं नांदेडचं गिऱ्हाईक शोधला. देविदास नावाचा माणूस, नव्या मोंढ्याजवळ मोटारी, पाईप आणि केबलचं दुकान. देविदासनं कव्हर हातात घेऊन चार वेळा टक् केलं आणि अट घातली. चाळीस कव्हरं शेतकऱ्यांना फुकट द्या, महिनाभर शेतात राहू द्या, मग मला कागदावर लिहून आणा. तीस जरी तारेवर टिकली तरी पाच हजार नगांची ऑर्डर. न्हाई टिकली तर साचा ठेवा मालकाच्या उशाला.

पहिले साठ नग वाया गेले. बिजागरी म्हणजे प्लास्टिकचीच एक पातळ पट्टी, नखाहून पातळ. वैजनाथनं नग रात्रभर गार होऊ दिले आणि सकाळी एकेक वाकवून पाहिला. पट्टीवर पांढरी रेघ उमटायची आणि दहाव्या-बाराव्या वेळी झाकण हातात यायचं. साबणदाण्या खोक्यात भरणारी कमलम्मा, औरादकडची कानडी बाई, हे बघत होती. तिनं एक नग साच्यातून निघता निघता उचलला, फुंकर मारून मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.

"बिसी हाय तवरच वाकवावं सर," ती म्हणाली. "पोळी गरम असताना घडी घालते न्हाई का? गार झाल्यावर घडी घालेल तर मोडते."

"पुस्तकात पण असंच दिलंय," वैजनाथ म्हणाला.

"मग वाचायचं की."

त्या दिवसापासून प्रत्येक नग गरम असताना कमलम्मानं दोनदा वाकवला. एकही मोडला नाही. आपण पुस्तकातलं ते पान वाचलं होतं, खाली रेघही मारली होती, हे वैजनाथनं तिला सांगितलं नाही. त्याचं बरंचसं शिक्षण असंच रेघ मारलेलं होतं.

चाळीस कव्हरं त्यानं आपल्याच गावात वाटली. ग्रामपंचायतीसमोर बादलीभर पाणी घेतलं. कव्हरात एक कोरी चिठ्ठी ठेवली. भोकांत केबल नव्हती, म्हणून लाकडाची दोन बुचं ठोकली. टक् करून कव्हर मिटलं, बादलीत बुडवलं, शंभर आकडे मोजले, बाहेर काढून उघडलं. चिठ्ठी खडखडीत कोरडी. लोकांत कुजबूज झाली. रामकिशननं, म्हणजे शेजारच्या वावरवाल्यानं, चिठ्ठी गालाला लावून पाहिली.

"आजाबात ओल न्हाई," तो म्हणाला.

"आणि झाकण हरवत न्हाई," वैजनाथ म्हणाला.

"ते बी हाय."

"लाईट नसताना बसवायचं. आत हा कनेक्टर, तारा आवळायच्या, वरून कव्हर. महिन्यानं मी बघायला येतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. गावानं एवढ्या एकमतानं मान हलवलेली वैजनाथनं पूर्वी पाहिली नव्हती. त्याला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटतंय का, हे त्यानं जरा थांबून तपासलं. काही वाटत नव्हतं, पण वाईटही वाटत नव्हतं, तेव्हा चालू दिलं.

शेवटचं कव्हर घेऊन तो घरी आला. ते वर्षाराणीला द्यायला हात पुढं केला, तर मधेच केवळाबाईनं ते घेतलं. उलटंपालटं केलं. उघडलं, लावलं, टक्.

"ह्यात पाणी जात न्हाई?"

"न्हाई माय."

"झाकण निघत न्हाई?"

"न्हाई."

"ठीक हाय," म्हणून ती कव्हर घेऊन आत गेली. वर्षाराणीनं वैजनाथकडं पाहिलं. वैजनाथनं घड्याळाकडं पाहिलं. चारची गाडी होती.

पुढच्या शनिवारी कव्हर भिंतीतल्या देवळीत दिसलं. त्यात बालाजीचं मनगटी घड्याळ होतं. भोकं कापडाच्या बोळ्यांनी बुजवलेली होती. घड्याळ चालू होतं. कव्हर कानाशी धरलं तर ऐकू यायचं. वैजनाथनं ते परत जागेवर ठेवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यानं दुसरं कव्हर आणलं. केवळाबाईनं त्यात बालाजीचा कंगवा ठेवला. तिसऱ्या शनिवारी तिसरं आणलं, त्यात अर्धी राहिलेली तंबाखूची पुडी गेली.

"आणखी एक आण," ती म्हणाली. "त्याच्या किल्ल्या राहिल्यात."

वैजनाथ अंगणात हात धुवायला गेला तेव्हा वर्षाराणी तांब्या घेऊन मागं आली.

"भावजी, तिसरं मी लपवलं होतं. आत्याबाईंनी मागितलं. काय म्हणून न्हाई म्हणू?"

"चौथं आणतो."

"त्यांच्या वस्तू लई हाईत," वर्षाराणी म्हणाली. "चपला बी हाईत. चपलांच्या मापाचं कव्हर निघतं का तुमच्याकडं?"

ती हसत नव्हती. तोही हसला नाही. तिनं तांब्या ठेवला आणि काठी घेऊन वावराकडं गेली.

महिना झाला तेव्हा वैजनाथ वही घेऊन गावात फिरला. वहीत त्यानं चार रकाने आखले होते: नाव, कव्हर कुठं आहे, बिजागरी कशी आहे, शेरा. रामकिशन ओट्यावर बसला होता. त्यानं कमरेचं कव्हर काढलं, उघडलं, एका खणातून तंबाखू घेतली, दुसऱ्या खणातून चुना, आणि टक् करून लावलं.

"लई झकास वस्तू काढलीस वैजू. चुना सुकत न्हाई."

"तारेवर लावलं नाही?"

"तारेवर?" जणू कुणी पोळी कुलरवर भाजायला सांगितली, अशा नजरेनं रामकिशननं पाहिलं. "तिथं पाण्यात पडून खराब होईल की."

गुणाबाईच्या कव्हरात तिची कवळी होती. शाळेच्या मास्तरांच्या कव्हरात खडू. एकाच्या कव्हरात कांद्याचं बी, एकाच्यात हळदकुंकू, एकाच्यात टीव्हीचा रिमोट. तो लांब होता म्हणून त्यानं एका भोकातून बाहेर काढला होता. बाकीची भोकं प्रत्येकानं बुजवली होती, कुणी बोळ्यानं, कुणी मेणानं, कुणी बाभळीच्या बुचानं. बुच कसं ठोकायचं ते वैजनाथनंच ग्रामपंचायतीसमोर दाखवलं होतं. एक कव्हर खरोखर तारेवर बसवलेलं निघालं. वैजनाथ दहा पावलं भरभर गेला. ती तार कपडे वाळत घालायची होती. कव्हरात चिमटे होते.

त्यानं वहीत सगळं जसंच्या तसं लिहिलं. बिजागरी कशी आहे या रकान्यात चाळीस वेळा 'उत्तम' आलं.

मालक म्हणाला, "फोटो काढून आणायचे होते ना. एकच कव्हर चाळीस जोडांवर ठेवून काढले असते." पण फोटो नव्हते, वही होती, आणि दोघं वही घेऊन नांदेडला गेले. देविदासनं चष्मा लावून पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचलं. कवळीपाशी तो थांबला, पुन्हा वाचलं, मग पुढं गेला. वही मिटून त्यानं काउंटरवर ठेवली.

"म्हणजे चाळीसपैकी चाळीस वापरात हाईत."

"हो," वैजनाथ म्हणाला.

"माझ्या दुकानात एवढी चालणारी एक बी वस्तू न्हाई. कव्हर कशाला म्हणून राहिलाव? डबी म्हणा. भोकं बुजवा साच्यातच. मी दहा हजार घेतो."

मालकाचा चेहरा उजळला. "इंजिनेर, वीस वर्षांत कारखान्यानं पहिल्यांदा लोकांना पाहिजे ती वस्तू काढली."

वैजनाथच्या खिशात नमुन्याचं कव्हर होतं. त्याचं बोट आपोआप त्याच्या कडेवर गेलं. टक्. चहा आला. तिघांनी घेतला.

"भोकं राहतील," वैजनाथ म्हणाला.

"काय?"

"भोकं बुजवायची नाहीत. ते जोडाचं कव्हर आहे." त्याचा आवाज चढला नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसा तो बोलत होता. "मालक, त्या पिवळ्या साबणदाण्या किती पडल्यात?"

"तीन हजार. रंग कुणाला आवडला न्हाई."

"त्यांना बिजागरी आहे. भोकं नाहीत. जो कव्हर जोडावर बसवून दाखवील त्याला साबणदाणी फुकट. लोकांना डबी पाहिजे, तर डबी देऊ. मग कव्हर मोकळं होईल."

देविदासनं चष्मा काढला. "म्हणजे केबलचं कव्हर केबलवर लावावं म्हणून तुम्ही माणसाला साबणदाणी देणार."

"हो."

"आणि साबण?"

"साबण त्यांचा."

देविदासनं मालकाकडं पाहिलं. मालक छताकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांसमोर गोदाम रिकामं होत होतं. "आठ दिवस देतो," देविदास म्हणाला. "तीस तारेवर. मोटारीच्या तारेवर, कपड्याच्या न्हाई. न्हाईतर मी डबीच घेणार."

वैजनाथ पोतं घेऊन गावात आला. पिवळा रंग खरोखर वाईट होता, काविळीसारखा. पण गुणाबाईनं कवळी साबणदाणीत ठेवून पाहिली आणि म्हणाली, "ह्यात दिसती तरी चटकन." दुपारी तिच्या नातवानं कव्हर जोडावर बसवलं. वैजनाथनं तिथं उभं राहून स्क्रू आवळून घेतले. रामकिशन शेवटपर्यंत अडून बसला. साबणदाणीला दोन खण नव्हते. त्याला दोन साबणदाण्या दिल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी चौतीस कव्हरं चौतीस जोडांवर होती. वैजनाथ चौतीस विहिरींवर जाऊन आला होता. पस्तिसावी त्याची स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यानं आईपुढं तीन पिवळ्या साबणदाण्या ठेवल्या. केवळाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं एक उचलली. उघडली. लावली. हिचा आवाज वेगळा होता, टप् असा, जरा पोकळ.

"ह्याला भोकं न्हाईत."

"न्हाईत."

"मग आधी हेच का न्हाई आणलं?"

 पाच महिने त्यानं कागदावर रेघा मारल्या होत्या आणि गोदामात तीन हजार साबणदाण्या पडून होत्या. "सुचलं न्हाई," तो म्हणाला.

केवळाबाईनं देवळीतली तिन्ही कव्हरं काढली. बोळे उपसले. घड्याळ, कंगवा, पुडी एकेका साबणदाणीत ठेवली. घड्याळ ठेवताना पदरानं काच पुसली. तिन्ही टप् टप् टप् लावल्या आणि देवळीत रांगेनं उभ्या केल्या. मग रिकाम्या कव्हरांतलं एक घेऊन ती उठली, चपला घातल्या, आणि न्हाणीतून एक निळी प्लास्टिकची बादली उचलली. बादलीवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"चल."

"कुठं?"

"जोड लावायचा न्हाई का?"

"माय, चारची गाडी..."

"आत्ता नऊ वाजल्यात."

वावर घरापासून पाव मैलावर. केवळाबाई पुढं, वैजनाथ मागं. तो पिशवीतला कनेक्टर, पक्कड, स्क्रूड्रायव्हर हातानं चाचपत होता. सगळं होतं. काही विसरलं असतं तर परत फिरता आलं असतं. आखाड्यावर वर्षाराणी आधीच पोचली होती. तिनं स्टार्टरचे फ्यूज काढून पदराच्या गाठीत बांधले होते. मोटारीची थ्रीफेज लाईट दहाला येणार होती.

छपराखाली तो डबा होता. आडवा पडलेला, तोंड भिंतीकडं, आत पाचट. डब्यात कोंबडी बसली होती. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं वैजनाथकडं एका डोळ्यानं पाहिलं आणि अंग आणखी पसरलं.

वैजनाथ तिथंच थांबला. केवळाबाईही थांबली. तिनं बादली खाली ठेवली.

"डबा म्याच दिला होता," ती म्हणाली.

"काय?"

"पाडव्याला. तू घरात येऊन म्हणलास, माय, जोडावर झाकायला कायतरी दे. ही बादली होती. नवी होती, म्हणून म्या दिली न्हाई. डबा दिला." तिनं बादलीकडं पाहिलं. "आजून वापरली न्हाई."

वैजनाथला पाडवा आठवत होता. डबा आठवत होता, कड आठवत होती. डबा आपल्या हातात कुठून आला, हे मात्र त्याला इतक्या महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं. आताही आठवलं नाही. आई सांगते म्हणजे तसंच असणार.

"घातला मी," तो म्हणाला.

"दिला म्या."

"तुला काय माहीत, माय. मी शिकलो होतो."

"बादली समोर होती."

यावर आणखी किती वेळ गेला असता सांगता येत नाही. वर्षाराणी जोडाशी उकिडवी बसली होती, तिथून न वळता म्हणाली, "मोटार उचलंना, डबा काढून बघा म्हणून मी म्हणले होते त्यांना. मी कुठं बोलून दाखवायले? तुमचं दोघांचं झालं असलं तर पक्कड आणा. दहाला लाईट येती."

वैजनाथनं पक्कड नेली. जागा तशी काही वेगळी नव्हती. माती होती, थोडं गवत होतं, मुंग्या होत्या. चौतीस विहिरींवर असतं तेच. त्यानं टेप सोडवला. एकाखाली एक सात थर निघाले, शेवटचे दोन वितळून तारेला चिकटलेले. ते ब्लेडनं खरवडले. लाल, पिवळी, निळी, तिन्ही तारा नव्यानं सोलल्या, कनेक्टरमध्ये घातल्या, आवळल्या, ओढून पाहिल्या, पुन्हा आवळल्या. केबल रबराच्या कड्यांत बसवली. कव्हर मिटलं.

टक्.

केवळाबाई वाकली. तिनं कव्हर उघडून आत पाहिलं, जणू काही ठेवायचं राहिलंय, आणि पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. वर्षाराणीनं पदराची गाठ सोडून फ्यूज बसवले. तिघंही लाईटची वाट बघत उभी राहिली.  दहाला सात मिनिटं असताना लाईट आली. एवढ्या लवकर ती कधीच येत नाही. वर्षाराणीनं सवयीनं छपराची काठी काढली, हातात तोलली, मग परत खोचून ठेवली आणि बटण दाबलं. मोटारीनं पहिल्याच झटक्यात उचललं. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. केवळाबाईनं निळी बादली धारेखाली धरली. चिठ्ठी भिजून सुटली आणि पाटाबरोबर उसात गेली.

वैजनाथनं हात धुतले. "तो डबा मी भंगारात घेऊन जातो," तो म्हणाला. "आत्ताच."

"कोंबडी बसलीय," वर्षाराणी म्हणाली. "अकरा अंडी हाईत."

"कधी उठल?"

"एकवीस दिवस लागतात. आज सातवा."

वैजनाथनं मनात वजाबाकी केली. केवळाबाईनं बादलीतलं ओंजळभर पाणी एका खापरात ओतलं आणि खापर डब्याच्या तोंडाशी सरकवलं. कोंबडीनं मान बाहेर काढून ते पिऊन पाहिलं. मग तिघंही छपराच्या सावलीत बसली, डब्याला धक्का लागणार नाही इतकं अंतर ठेवून.